विश्वासाची किंमत

मनुष्य केवळ स्वार्थाने चालतो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके पुष्कळ काळ गृहीत धरीत आली. १९९५ साली जॉइस बर्ग, जॉन डिकहॉट व केविन मॅककेब यांनी अमेरिकेतील आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात हे गृहीत कसास लागले. दोन खोल्यांतील प्रत्येकास १० डॉलर दिले. पहिल्या खोलीतील मनुष्याने त्यांतील वाटेल तेवढे दुसरीतील अनोळखी मनुष्याकडे धाडावे. वाटेत ते तिप्पट होत. परत किती करावे, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. कोणासही कोणाचे नाव कळणार नव्हते.

निव्वळ हिशेबी मनुष्य छदामही धाडणार नाही. प्रत्यक्षात ३२ पैकी ३० जणांनी पैसे धाडले, सरासरीने पाच डॉलरांहून थोडे अधिक. परत मात्र सरासरी पाचांहून कमीच आले. व्याख्यानांतून सहसा गाळला जाणारा हा आकडा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. धाडणाऱ्यास किंचित खोट आली. तथापि दोघांची मिळून २० डॉलरांची पुंजी तिसांवर गेली.

आमच्या वाचनालयाच्या कपाटांस कुलूप असावे काय, हा वाद शिक्षकांत दरवर्षी निघतो. कुलूप काढल्यास काही पुस्तके जातील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आज ती शाबूत आहेत, ती कोणी वाचीत नाही म्हणून! कुलूप काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. किती पुस्तके परतली, याची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी व ती पुढील अंकात जशीच्या तशी छापावी.