कान दुखत नाही, पण ऐकूही येत नाही

तीन हाका मारल्या तरी मूल ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, मकतबमध्ये सीन-शीनचा घोळ घालते. घरात ते 'बेपर्वा' ठरते आणि धपाटाही खाते. अशा मुलाचे कान आधी तपासून घ्या, असे आम्ही अम्मी-अब्बांना सांगू.

सर्दीनंतर पुष्कळ मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. पुढे ते डिंकासारखे चिकट होते. ताप नाही, ठणका नाही, कान वाहत नाही. मग लक्षात येणार कसे? कानात बोटे घातल्यावर जसे ऐकू येते, तसे त्या मुलाला दिवसभर येते. नाकामागून कानाकडे जाणारी नळी लहान वयात आखूड आणि आडवी असते; ती सुजली की कानात हवा जात नाही. मूल घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर अ‍ॅडिनॉइड वाढलेले असू शकतात. घरातला बिडी-सिगारेटचा धूरही यात भर घालतो.

दादी-नानींचे कोमट तेल पडद्याच्या बाहेरच राहते. अँटिबायोटिक आणि सर्दीची औषधेही या पाण्यावर चालत नाहीत. बहुतेक मुलांचे पाणी 3 महिन्यांत आपोआप ओसरते. मात्र बोलणे मागे पडले असेल किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर वाट पाहू नये.

अंधेरीकरांना कूपर रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग जवळचा. ऐकण्याच्या तपासण्यांसाठी वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या राज्याचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचेच हे नाव. पडद्यामागची हवा मोजणारी तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही.

तीन महिन्यांनीही पाणी तसेच आणि ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टर ग्रोमेट सुचवतात. भूल देऊन पडद्याला बारीक छेद देतात, पाणी ओढून काढतात आणि इवलीशी नळी बसवतात. साधारण 6 ते 18 महिन्यांत ती आपोआप गळून पडते. वुजूचे काय, असे भगिनी विचारतात. मसहचे ओले बोट कानात पाणी ओतत नाही, त्याची भीती नको. डुबकी मारायची असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

तोवर उस्तादांना आणि शाळेतल्या बाईंना सांगून मुलाला पहिल्या रांगेत बसवा, आणि बोलताना त्याच्यासमोर येऊन बोला.