सेवा कोणाची, गुण कोणाला?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना सध्या वस्त्या हव्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहेच. तिच्यात वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्यही जुने आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मात्र साध्या पदवीलाही समाजात जाऊन करायच्या कामाचे श्रेयांक, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिट, जोडले गेले. एका क्रेडिटला ३० तास. हे तास भरायला सर्वांत सोपी जागा कोणती? अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर. मुले गोड असतात, फोटो चांगले येतात आणि ताई सहसा नाही म्हणत नाही.

मी या भागात काम करते, विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यावर देखरेखही करते. विद्यार्थ्यांनी येऊ नये असे मला मुळीच वाटत नाही. त्यांनी यायलाच हवे. पण ही भागीदारी कोणाच्या सोयीने चालते, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी विचारायला हवा.

आधी वेळेचे पाहू. खानदेशात कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास जोर धरते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे दुपारी घरी फेरी मारणे बाईला परवडत नाही. तान्हे मूल बांधावर झोळीत असते, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती नऊ-दहा वर्षांची बहीण शाळा बुडवते. बाळ सांभाळायला माणूस हवा असतो तो नेमका तेव्हा, आणि महाविद्यालयात तेव्हा परीक्षा किंवा सुटी असते. जळगावच्या डाळ मिलमध्ये जाणारी बाई संध्याकाळी परतते, अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी सुटते. विद्यार्थी मात्र येतात अंगणवाडी चालू असतानाच, म्हणजे ताई हजर असते तेव्हाच.

आणि आल्यावर काय होते? सेविकेकडे आहार, लसीकरण, वजने, नोंदी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एवढे सगळे असते. त्यात पंधरा नवख्या मुलामुलींना मुलांची नावे सांगणे, कोणाला काय येते ते समजावणे, रडणारे पोर शांत करून दाखवणे आणि शेवटी हजेरीवर सही करणे, हेही तिच्याच अंगावर पडते. खरे तर ती शिक्षिकेचे काम करते, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. विद्यार्थ्याच्या सेवेचे गुण होतात, सेविकेच्या सेवेचे मानधन. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून हे काम 'मानसेवी' म्हणूनच चालले आहे. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले. मूल सांभाळणे हे बाईच्या अंगचेच, त्याला कसले मोल, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. महाविद्यालयेही तीच समजूत पुढे चालवतात. शिबिरात मुलींना बालवाडीत आणि मुलग्यांना बंधाऱ्यावर पाठवले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मुलग्यांनीही शेंबूड पुसावा, चड्डी बदलावी. त्यांच्या शिक्षणातला हा सर्वांत मोलाचा धडा ठरेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, ते आठवावे. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. मुलांच्या जगण्याप्रमाणे शाळेने आपली वेळ आणि जागा बदलली. महाविद्यालयांनी एवढे तरी शिकावे.

म्हणून माझे म्हणणे असे. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यात लेखी करार व्हावा आणि त्यावर सेविकेची व महिला मंडळाची सही असावी. तीच चार-पाच मुले वर्षभर एकाच ठिकाणी यावीत. लहान मूल चेहऱ्याला लळा लावते, दर आठवड्याला नवा चेहरा हा त्याच्यावर अन्याय आहे. वेळ आयांच्या कामावरून ठरावी. ताईच्या मार्गदर्शनाचा मोबदला महाविद्यालयाने द्यावा आणि गुण देताना तिचे मत धरावे. आईला विचारल्याशिवाय मुलाचा फोटो काढू नये. विद्यार्थ्यांना पगारी बाईच्या जागी बसवू नये, संपाच्या काळात तर नाहीच.

ताईचे शिक्षण कमी, ती गुण कसे देणार, असे प्राध्यापक विचारतील. आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईचे ज्ञान आपण पाटीवर मिरवतो. मग ते गुणपत्रिकेतही चालायला हवे.

विद्यार्थ्यांना खरे काम द्यायचे तर त्यांनी गावात मोजणी करावी. किती बाया मजुरीला जातात, त्यांची सहा वर्षांखालची मुले किती, ती कोणापाशी राहतात, त्यापायी किती मुली शाळा बुडवतात? ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, अशी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. पण शेतमजूर बाईची आस्थापना कुठली? तिच्यासाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय २०२२ मध्ये केंद्राच्या 'पाळणा' योजनेत केली गेली. ते मागायला आकडे लागतात. विद्यार्थ्यांनी ते ग्रामसभेत बायांच्या हाती द्यावेत, नुसत्या अहवालात बांधून ठेवू नयेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात महाविद्यालयाचे पत्र येईल तेव्हा लगेच होकार देऊ नका. आधी सेविका, मदतनीस आणि आया यांना एकत्र बसवा आणि आपल्या अटी कागदावर लिहा. मग विद्यार्थ्यांना जरूर बोलवा.