बातिनाची खारी विहीर

अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेल उभे राहते. पण ओमानचे तेल परदेशी जाऊ लागले ते १९६७ साली. त्याआधी शेकडो वर्षे तेथील माणूस खजूर, लिंबू आणि मासळी यांवर जगत आला. आज त्याच देशातील लहान शेतकरी मोठ्या पेचात सापडला आहे. त्याला मदत करण्यासाठी सरकारने पैसा, यंत्रे आणि तज्ज्ञ यांची कमतरता पडू दिली नाही, तरी पेच पुरता सुटलेला नाही. असे का झाले, हे आपल्या बेटावरील ऊस आणि भाजीपाला करणाऱ्या कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे.

मस्कतच्या पश्चिमेस, हजर पर्वत आणि समुद्र यांच्यामध्ये बातिना नावाची किनारपट्टी पसरली आहे. देशाच्या लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे निम्मी याच पट्टीत आहे आणि बहुतेक शेते लहान आहेत. तेथे जमीन 'फद्दान'मध्ये मोजतात. एक फद्दान म्हणजे एकरापेक्षा थोडी जास्त. वर्षाचा पाऊस देशाच्या सरासरीने सुमारे १०० मिलिमीटर. आपल्या मॉरिशसची सरासरी २००० च्या आसपास आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. वाकोआमध्ये एका वादळी दिवसात पडतो तेवढा पाऊस त्या शेतकऱ्याला वर्षभर पुरवायचा असतो.

जुन्या काळी हे कसे जमत होते? डोंगराकडच्या गावांत 'फलज' होते आणि आजही तीन हजारांवर फलज वाहते आहेत. डोंगराच्या पोटातले पाणी उतारावरच्या पाटाने गावात आणायचे, आधी पिण्याला द्यायचे, मग खजुराच्या बागांना आणि उरले तर हंगामी पिकांना. शेतकऱ्याचा हक्क पाण्याच्या मापावर नव्हे, वेळेवर असे. अर्ध्या तासाच्या वाट्याला 'अथर' म्हणतात. दिवसा सावली पाहून आणि रात्री तारे पाहून पाळ्या बदलत. फलजाचा कारभार पाहणाऱ्याला 'वकील' म्हणतात. आपल्या वकिलांनी हे वाचून रागावू नये. अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

बातिनाच्या किनाऱ्यावर मात्र मुख्यतः विहिरी. बैल पाणी ओढी तोवर विहिरीतून किती काढायचे याला बैलाच्या ताकदीची मर्यादा होती. १९७० नंतर देशात सुबत्ता आली आणि घरोघर पंप आले. पंप थकत नाही. डोंगरातून जमिनीखालून समुद्राकडे वाहणारे गोडे पाणी उपसले गेले तसा समुद्र आत शिरू लागला. आधी किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ झाल्या, मग खाऱ्या. केळ, आंबा, लिंबू यांना मीठ सोसत नाही. ती आधी गेली. खजूर पुष्कळ सोसतो, पण शेवटी त्याचेही शेंडे गळाले. ज्यांना परवडले त्यांनी आत डोंगराच्या बाजूला नवी जमीन केली आणि तेथेही पंप लावले.

सरकार स्वस्थ बसले नाही. १९८५ मध्ये अल-खूद येथे पुराचे पाणी जमिनीत मुरवणारे धरण बांधले. १९८८ च्या राजाज्ञेने भूजल ही राष्ट्रीय संपत्ती ठरली आणि नव्या विहिरींवर बंधने आली. २०१२ मध्ये, दुबईच्या क्षारभूमी शेती केंद्राच्या मदतीने, खारपणाविरुद्धची राष्ट्रीय योजना तयार झाली. ठिबक आणि तुषार सिंचनाच्या सामानासाठी अनुदान दिले आणि त्यात लहान शेताला सवलतीचा वाटा मोठा ठेवला, हे आम्हांला विशेष आवडले.

मग अडले कोठे? ठिबकाचेच पाहा. नळ्या आल्या, पण खाऱ्या पाण्याने त्यांची तोंडे क्षार धरून बुजतात. ती वेळच्या वेळी धुवावी लागतात. मुळांशी साठलेले मीठ खाली ढकलण्यासाठी मधून मधून जास्त पाणीही द्यावे लागते. किती आणि कधी, हे मातीतले मीठ मोजल्याशिवाय कळत नाही. मोजण्याचे यंत्र खिशात मावते, पण ते वापरायला कोणी तरी शिकवावे लागते. फलजाच्या गावात तर पाणी पाळीने येते, म्हणून ठिबकाआधी साठवणीची टाकी हवी; नुसत्या नळ्या तेथे उपयोगाच्या नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन फद्दान लावले तर विहिरीच्या पदरात काहीच पडत नाही. पंपाची वीज स्वस्त असताना त्याने तसे केले तर त्याला दोष कसा द्यावा? तो आपला संसार पाहतो. हा दोष योजनेचा आहे.

चाऱ्याची गोष्ट अशीच. बातिनामध्ये र्‍होड्स गवत फार लावतात, कारण जनावरांच्या बाजारात त्याला चांगला भाव आहे. पण ते फार पाणी पिते. इकार्डा या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने आखातातील देशांत काम करून दाखवले की ज्याला हिंदुस्थानात अंजन गवत म्हणतात ते देशी गवत पुष्कळ कमी पाण्यावर येते. सल्ला उत्तम होता. पण शेतकरी विचारतो, बी कोठे आहे? रानातले बी गोळा करणे, स्वच्छ करणे, उगवते की नाही ते तपासणे ही सोय आधी उभी करावी लागली. बियाण्याशिवाय सल्ला म्हणजे पुस्तकाशिवाय अभ्यासक्रम.

लिंबाचा धडा याहून कडू. १९७० च्या दशकात बातिनामध्ये लिंबाच्या झाडांवर बारीक फांद्यांचे झुपके येऊ लागले, झाडूच्या मुठीसारखे. काही वर्षांत झाड वाळून जाई. रोगाचे कारण एक सूक्ष्म जीव. तुडतुडे तो पसरवतात आणि रोगट रोपांबरोबरही तो गावोगाव जातो. औषध मारून झाड बरे होत नाही. हजारो झाडे गेली. येथे लहान शेतकऱ्याला सर्वांत मोलाची वस्तू कोणती? निरोगी, तपासलेले रोप. ते रोपवाटिकेत तयार करावे लागते आणि ते मिळेपर्यंत शेतकऱ्याने शेजाऱ्याकडून फांदी आणून लावू नये, हे त्याला पटवावे लागते.

आता आम्हांला ज्या गोष्टीने सर्वांत जास्त विचारात पाडले तिच्याकडे येऊ. ओमानच्या शेतात प्रत्यक्ष राबणारा माणूस बहुतेक ठिकाणी ओमानी नाही. तो बांगलादेशी आहे, कोठे पाकिस्तानी, कोठे भारतीय. शेताचा मालक पुष्कळदा नोकरीवर असतो आणि सुटीच्या दिवशी शेतावर येतो. विस्तार अधिकारी येतो तो मालकाशी अरबीत बोलतो, अरबी पत्रक देतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याची चावी फिरवतो, औषधाची मात्रा पाण्यात मिसळतो, काकडीची रोपे कोसळलेली पाहतो, तो नोआखालीचा किंवा कुमिल्लाचा मुलगा. हरितगृहांतल्या काकडीची रोपे मातीतल्या बुरशीने मरतात म्हणून मातीविना लागवड सुरू केली. तिच्यात खतांचे द्रावण रोज मोजावे लागते. रोज मोजणार कोण? तोच. आणि त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितले नाही, तर चूक झाली की शिवी मात्र त्यालाच बसते.

शिक्षकी पेशात एक गोष्ट लवकर कळते: फळ्यावर लिहिले म्हणजे शिकवले असे होत नाही. समोरच्याच्या हातून ते झाले की मगच शिकवले. शेतीचा विस्तार हाही वर्गच आहे, फक्त विद्यार्थी चुकीचा बसवला आहे. बंगालीत छापलेले एक साधे चित्रपत्रक आणि अधिकाऱ्याबरोबर बंगाली जाणणारा एक माणूस यांचा खर्च एका हरितगृहाच्या मानाने कितीसा?

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. कोकणातून आलेल्या आपल्या आजा-पणजांनी ज्या भाषेत हुकूम ऐकले ती त्यांची नव्हती. सरदाराने जे सांगितले तेवढे त्यांना कळले, बाकी मार खाऊन शिकले.

आणि आज? युरोपशी १९७५ साली झालेला साखरेचा करार २००९ मध्ये संपला, हमीचा भाव गेला आणि तेव्हापासून कित्येक लहान प्लांटरांनी ऊस सोडला. कोणाची जमीन पडीक आहे, कोणी पोम-दामूर आणि मिरची लावतो. उसासाठी १९५३ पासूनची संशोधन संस्था आहे. भाजीपाल्यासाठी आणि जनावरांसाठी २०१४ पासून फारेईचे अधिकारी काम करतात. ते कष्टाळू आहेत यात शंका नाही. परंतु आपल्याकडेही शेतात परदेशी कामगार दिसू लागले आहेत, आणि छापील माहिती इंग्रजी-फ्रेंचमध्ये येते. सत्तरीतल्या प्लांटरला क्रिओलमध्ये तोंडी सांगणारा, आणि त्याच भेटीत रोप कोठे मिळेल, कर्जाचा अर्ज कोठे भरायचा हेही सांगणारा माणूस हवा. महाराष्ट्रातील द्राक्ष बागाईतदारांनी आपला स्वतःचा संघ काढून तज्ज्ञांना बागेत आणले. आपल्या मंडळ्या गणपतीला शेकडो माणसे जमवतात; त्यांना वर्षातून चार वेळा प्लांटरांची बैठक जमवणे अवघड नाही. बैठक मात्र सभागृहात नको, शेताच्या बांधावर हवी, आणि मालकाबरोबर कामगारालाही बोलवावे.

ज्या वाचकांचे शेत किंवा भाजीची बाग आहे त्यांना आमची विनंती आहे. सल्लागार आपल्या शेतावर शेवटचा कधी आला, कोणत्या भाषेत बोलला, कोणाशी बोलला आणि त्याने सांगितलेली वस्तू दुकानात मिळाली की नाही, हे चार ओळींत लिहून कळवावे. आलेली पत्रे आम्ही या पानावर छापू आणि संबंधित कार्यालयाकडेही पाठवू.