यंत्र आहे, मग मराठी कशाला?

सुशिक्षित मराठी कुटुंबांत अलीकडे एक युक्तिवाद वरचेवर ऐकूं येतो. मुलांना मराठी बोललेलें समजतें, पण वाचतां येत नाहीं, हें सांगतांना पूर्वीं आईबापांचा आवाज थोडा तरी खालीं येत असे. आतां तो येत नाहीं. "वाचतां आलें नाहीं म्हणून अडतें कोठें? मोबाईलचा कॅमेरा मजकुरावर धरला, कीं त्याचें इंग्रजी समोर हजर!" असें ते मोठ्या निश्चिंतपणें सांगतात. हा नुसता आळस असता, तर त्याची दखल घेण्याचें कारण नव्हतें. परंतु तो विचाराचा आव आणून येतो, आणि विचारी म्हणविणाऱ्या घरांतूनच येतो. म्हणून त्याचा परामर्श घेणें प्राप्त आहे.

प्रथम यंत्राचें जें श्रेय आहे, तें यंत्राला दिलें पाहिजे. गूगलचें भाषांतरयंत्र २००६ सालीं सुरू झालें आणि २०१३ सालीं त्यांत मराठीचा समावेश झाला. आरंभीं तें शब्दाला शब्द व तुकड्याला तुकडा जोडीत असे, आणि त्याची मराठी वाचून हंसूं आवरत नसे. २०१७ पासून मराठीसाठींही सबंध वाक्य एकदम विचारांत घेणारी नवी पद्धत आली आणि तें पुष्कळच सुधारलें. पोटासाठीं परप्रांतांतून आलेल्या मजुराला रुग्णालयांतली पाटी त्याच्या योगानें कळली, किंवा एखाद्या प्रवाशाला स्टेशनवरची सूचना उमगली, तर त्यांत कोणाचेंही नुकसान नाहीं. अशा सोयीला नाकें मुरडणें हा शुद्ध दंभ होय. आमचें भांडण आहे तें 'यंत्र आहे, तेव्हां आमच्या मुलांनीं स्वतःच्या भाषेंत निरक्षर राहिलें तरी चालेल' ह्या निष्कर्षाशीं.

हा निष्कर्ष कितपत टिकतो, तें पाहूं. समजा, आजीनें नातवाला लिहिलें, "मे महिन्यांत आपण गांवीं जाऊं." दुसऱ्या वेळीं तिनें लिहिलें, "मे महिन्यांत आम्ही गांवीं जाऊं." इंग्रजींत दोन्ही वाक्यांना 'वी' हा एकच शब्द. पण पहिल्या वाक्यांत नातवाला आमंत्रण आहे, दुसऱ्यांत तो मागें राहिलेला आहे. पडद्यावरचें इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला आपल्याला बोलावलें होतें कीं नाहीं, हेंच कळावयाचें नाहीं! आत्या आणि मावशी, काकू आणि मामी ह्या सगळ्या इंग्रजींत शिरतांच एकाच 'आंट'मध्यें मिसळून जातात. बापाकडची कोण आणि आईकडची कोण, ही खूण पुसली जाते. उलट दिशेनें पाहिलें, तर इंग्रजी 'यू'चें मराठींत 'तूं' करावयाचें, 'तुम्ही' कीं 'आपण'? कित्येक घरांत आजी 'तूं' असते आणि आजोबा 'तुम्ही' असतात. हा त्या त्या घरचा रिवाज यंत्राला कोणीं सांगितला? नातीनें इंग्रजींत 'मी पोहोंचलें' असें कळविलें, तर त्या वाक्यांत ती मुलगी असल्याची खूणच नसते. यंत्र तिला खुशाल 'मी पोहोंचलों' असें बोलावयास लावूं शकतें.

यावर उत्तर ठरलेलें आहे : यंत्र आज चुकतें, उद्यां चुकणार नाहीं. तें आणखी सुधारेल, हें आम्हांस मान्य आहे. पण जी खूण मूळ वाक्यांतच नाहीं, ती यंत्र आणणार कोठून? तें फार तर अंदाज करील, आणि अंदाज बरोबर आला कीं चुकला, हें ठरविणार कोण? ज्याला भाषा येते, त्याच्या हाताखालीं यंत्र राबतें; ज्याला ती येत नाहीं, त्याला यंत्र सांगेल तें निमूटपणें खरें मानावें लागतें.

"तुमच्या पिढीनें तरी शब्दकोश वापरलेच कीं नाहीं?" असाही एक प्रश्न केला जातो. अवश्य वापरले. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या आधारावर पिढ्या शहाण्या झाल्या. परंतु कोशाची रीत निराळी. तो एका शब्दाचे चार अर्थ पुढें मांडतो आणि निवड वाचकावर सोंपवितो; ती निवड करतां करतां वाचक भाषा शिकतो. भाषांतरयंत्र चारांतला एक अर्थ स्वतःच उचलतें आणि उरलेले तीन सहसा दाखवीत नाहीं. वाचकाला आपल्यासाठीं निवड झाली, हेंसुद्धां कळत नाहीं. कोशानें श्रम कमी केले. हें यंत्र शिकण्याचा प्रसंगच काढून घेतें.

शिवाय ह्या यंत्राची शिदोरी कोणती, हेंही विसरूं नये. माणसांनीं लिहिलेली मराठी वाचूनच तें मराठी शिकलें आहे. कोणी पत्रें लिहिलीं, कोणी कादंबऱ्या, कोणी वर्तमानपत्रांतले अग्रलेख. त्या पेरणीवर त्याचें पीक उभें आहे. सुशिक्षित घरांनींच मराठी वाचणें-लिहिणें सोडलें, तर नवी पेरणी कोण करणार? मग यंत्रानें लिहिलेली मराठी यंत्रच वाचील, आणि तिच्यांत कोणाच्या घरची बोली उरणार नाहीं.

सोयीसाठीं विद्या सोडली कीं काय होतें, याचा दाखला दूर शोधावयास नको. मोडी लिपी आपल्या व्यवहारांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास होती. छापखान्याला बाळबोध सोयीची, म्हणून छपाई बाळबोधींत झाली; पुढें शाळेंतूनही मोडी गेली. त्या वेळीं कोणाचें कांहीं अडलें नाहीं. आज पुण्याच्या पेशवे दप्तरांत लक्षावधि मोडी कागद पडून आहेत आणि ते वाचणारे मूठभर आहेत. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां सरकारला मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. पणजोबांच्या हातचें खतपत्र नातवंडें उलटें धरतात कीं सुलटें, हेंही कित्येकांना सांगतां येत नाहीं. मोडीच्या वेळीं निदान लिपीच गेली, भाषा हातीं राहिली. ह्या वेळीं दोन्ही पणाला लागलीं आहेत.

सर्व शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्रानें २०२० सालीं केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि ज्या घरांतून त्या दिवशीं अभिनंदनाचे संदेश फिरले, त्यांतल्या कित्येक घरांत ते संदेश मुलांना वाचतां आले नाहींत. कायदा मुलाला पुस्तकापर्यंत नेईल. घरांत तें पुस्तक कोणी उघडीत नसेल, तर तें दप्तरांतच राहील.

म्हणून आईबापांना आमचें सांगणें एवढेंच आहे. यंत्र खुशाल बाळगा. परक्या भाषांच्या प्रदेशांत त्याचा हात धरून हिंडा. पण स्वतःच्या घरांत दुभाषा ठेवूं नका. मुलाला रोज एक पान मराठी मोठ्यानें वाचावयास लावा, आठवड्याला चार ओळी आजीला स्वहस्तें लिहावयास लावा. अक्षर वेडेंवांकडें येईल, ऱ्हस्वदीर्घ चुकेल, चुकूं द्या. आजीला तें वाचतां येईल, आणि 'आपण' म्हणतांना तिच्या मनांत कोण कोण होतें, हें त्या मुलाला कोणाला विचारावें लागणार नाहीं.