पंप गेलाय म्हणे!

डिझेल गाडी सकाळी लवकर चालू होईना, झालीच तर दोन मिनिटांत आचके देऊन बंद पडू लागली, की गॅरेजात एकच निकाल ऐकायला मिळतो : "पंप गेलाय." म्हणजे नोझलकडं दाबानं डिझेल ढकलणारा पंप. तो उतरवायचा, शहरात पाठवायचा, आठ दिवस वाट बघायची आणि उसाच्या बिलातले पैसे मोजायचे. माझं म्हणणं सरळ आहे. हवा कुठून शिरते हे शोधल्याशिवाय पंपाला हात लावणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणं.

आमचं नरसिंहपूर नीरा-भीमेच्या संगमावर. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली सुरू झाली. आमच्या पिढीची तर हयात नदीवरून पाणी उपसण्यात गेली. पंपानं पाणी सोडलं म्हणून आम्ही कधी पंप खोलत बसलो नाही. आधी फूटव्हॉल बघायचा, मग सक्शन पाइपाचे जोड. चालू पंपाच्या जोडापाशी पेटती उदबत्ती धरली की चीर असेल तिथं धूर आत ओढला जातो. सक्शनच्या चिरेतून पाणी गळत नाही, हवा आत येते, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल.

गाडीचं तरी वेगळं काय आहे? टाकी खाली, इंजिन वर. पंप डिझेल ओढतो तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. म्हणून खाली एक थेंब दिसत नाही आणि हवा मात्र आत शिरते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा घेऊन नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते. नोझल उघडायला शंभर किलोच्या वर दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब तयार होतो. हवा आपली दबत राहते आणि नोझल मिटलेलंच. यात पंपाचा काय गुन्हा?

दुसरे शहाणे नुसती एअर काढून देतात. बोल्ट ढिला केला, प्रायमर मारला, फेस गेला, बोल्ट आवळला, पैसे घेतले. परवा पुन्हा तेच. होडीतलं पाणी उपसलं म्हणून भोक बुजत नसतं.

माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजवाल्यानं पंपाचे वीस हजार सांगितले. मी गाडी घरी आणली. पंपाच्या अलीकडं हातभर पारदर्शक नळी बसवली; इंजिन चालू करताच बुडबुड्यांची माळ दिसली. मग टाकीची नळी सोडवून पंपाला वर टांगलेल्या कॅनमधलं स्वच्छ डिझेल दिलं, परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. गाडी तासभर बिनतक्रार चालली. पंप सुटला! मग पारदर्शक नळी फिल्टरच्या मागं नेली. तिथंही बुडबुडे, म्हणजे फिल्टर आणि त्याचं रबरही सुटलं. शेवटी गाडीच्या पोटाखाली, लोखंडी नळी धरणाऱ्या पट्टीखाली, गंजून पडलेलं टाचणीएवढं भोक सापडलं. उसाच्या रस्त्याचा चिखल तिथं वर्षानुवर्षं साठलेला. गंजका तुकडा कापून डिझेलची रबरी नळी आणि दोन क्लिपा लावल्या. चारशे रुपयेही लागले नाहीत.

कुणी म्हणेल, आताच्या कॉमन रेल गाड्यांना हे चालत नाही. तिथं दाब हजार किलोच्या वर जातो. इंजिन चालू असताना त्या नळ्या ढिल्या करूच नयेत, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. कबूल. पण टाकीकडची नळी त्या गाड्यांनाही असते आणि रबर तिथंही वाळतं. स्कॅनर दाब कमी असल्याचं सांगेल, भोकावर बोट ठेवणार नाही. पंप कधी जातच नाहीत, असंही माझं म्हणणं नाही. डिझेलात पाणी-कचरा गेला की जातात. पण तो निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा असतो.

कारण नवा पंप बसवला तरी भोक तिथंच राहतं. ज्या पंपाचं वंगण डिझेलच असतं, तो हवेनं कोरडा पडून खरोखर झिजतो. आधी खोटा सांगितलेला आजार मग खरा होतो. आणि वस्तीवरून रात्री बाळंतीण किंवा म्हातारं माणूस इंदापूरला, अकलूजला न्यायचं असतं, तेव्हा दारातली हीच गाडी लागते. ती आठवडाभर गॅरेजात पडून कशी चालेल?

म्हणून मिस्त्रीला लाजू नका. पंप खोलायच्या आधी म्हणा, "पारदर्शक नळी लाव आणि मला बुडबुडे दाखव. कॅनवर चालवून दाखव. तरी चालली नाही, तर खुशाल पंप खोल." जाणता मिस्त्री हसून नळी आणायला आत जाईल. जो चिडेल, त्याच्या दारातून गाडी ढकलत का होईना, बाहेर काढा.