सूट कोणास, आणि जोखीम कोणाची ?

बाळापूरच्या पेठेंतील एखाद्या व्यापाऱ्यानें, "माझ्या तराजूवर सरकारी छाप नाहीं, परंतु माझा व्यवहार चोख आहे, सबब मला छापाची माफी असावी," असा अर्ज केला, तर त्याचे शेजारचे दुकानदारच त्यास हंसतील. अर्जदार लबाड असेलच असें नाहीं. त्याचा तराजू कदाचित् छापाच्या तराजूहूनही खरा असेल. परंतु गिऱ्हाइकाला तें स्वतः पडताळून पाहतां येत नाहीं, म्हणूनच छाप असतो. मणभर तुरीला जो न्याय आपण बिनदिक्कत लावतों, तोच न्याय शेंकडों माणसें वाहून नेणाऱ्या आगगाडीच्या डब्यास लावावा कीं नाहीं, हा आजचा प्रश्न आहे.

डबे बांधणारे कारखानदार आणि गाड्या चालविणाऱ्या कंपन्या सुरक्षेच्या नियमांतून सूट मागतात, ही गोष्ट नवी नव्हे. अमेरिकेंत १८९३ सालीं कायदा झाला कीं, गाड्यांस हवेच्या दाबाचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे सांधे बसविलेच पाहिजेत. तोंवर दोन डबे जोडण्यासाठीं कामगारास त्यांच्यामध्यें उभें राहून हातानें खिळा अडकवावा लागे, व त्यांत कित्येकांचीं बोटें, हात आणि प्राणही जात. कंपन्यांस तयारीसाठीं १८९८ च्या आरंभापर्यंत मुदत होती. ती संपत आली तेव्हां त्यांनीं आणखी मुदत मागितली, व १९०० सालापर्यंत ती मिळालीही. खर्च मोठा, वेळ थोडा, हें कंपन्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु त्या वाढीव मुदतींत डब्यांमध्यें उभें राहण्याचें काम अर्जदारांच्या वांट्यास आलें नाहीं. तें कामगारांच्याच वांट्यास आलें.

ही शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट झाली, आतां तसें होत नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं अलीकडचें उदाहरण देतों. १९४२ सालीं स्थापन झालेली स्पेनमधील टॅल्गो ही कंपनी वजनानें हलके, एकमेकांस सांधलेले डबे बांधण्याविषयीं प्रसिद्ध आहे. तिचे कांहीं डबे अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन व ऑरेगन या संस्थानांत धावूं लागले. १९९९ सालीं तेथें नवा नियम झाला कीं, उतारूंच्या डब्यानें दोन्ही टोकांकडून आठ लक्ष पौंडांचा, म्हणजे सुमारें ३६० टनांचा, दाब न चेपतां सोसला पाहिजे. हे डबे त्या मापास उतरत नव्हते. तेव्हां ते चालविणाऱ्या ॲमट्रॅक कंपनीनें, हे आधींपासूनचे डबे आहेत, त्यांस चालूं द्यावें, असा अर्ज केला. आणि कांहीं अटींवर तो मान्य झाला.

पुढें १८ डिसेंबर २०१७ रोजीं ड्युपाँट गांवाजवळ, नव्या मार्गावरील पहिल्याच फेरींत, यांतली एक गाडी ताशीं ३० मैलांच्या वळणावर ७८ मैलांच्या वेगानें शिरली आणि पुलावरून खालच्या राजरस्त्यावर कोसळली. तीन उतारू मृत्युमुखीं पडले. गाडींतील ५७ व रस्त्यावरील ८ माणसें जखमी झालीं. अपघाताचें मूळ अतिवेगांत होतें, आणि त्या वळणाचा धोका आधींच ओळखून बंदोबस्त न करण्यांत होतें, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे; सारा दोष डब्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु मे २०१९ मध्यें तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें दुसरीही गोष्ट नमूद केली : मजबुतीच्या नियमांत न बसणारे डबे चालूं देण्याच्या सरकारी निर्णयामुळें अपघाताची तीव्रता वाढली. डब्यांचे सांधे तुटले, डबे आसपासच्या वस्तूंवर आदळून चेपले, आणि माणसें बाहेर फेंकलीं गेलीं. असे डबे शक्य तितक्या लवकर बंद करावेत, अशी शिफारस मंडळानें केली, व २०२० सालीं ते काढून टाकण्यांत आले.

या अपघातांत आणखी एक सवलत लपलेली आहे. वेग मर्यादेबाहेर गेल्यास गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा बसविण्याचा कायदा अमेरिकेंत २००८ सालींच झाला होता, आणि त्याची मुदत २०१५ अखेर संपणार होती. कंपन्यांच्या विनंतीवरून ती २०१८ अखेरपर्यंत वाढविण्यांत आली. अपघाताच्या दिवशीं त्या मार्गावर ती यंत्रणा चालू नव्हती. दोन सवलती, दोन्ही कायदेशीर, दोन्ही सकारण. त्या एकाच वळणावर एकत्र आल्या.

या परदेशच्या गोष्टीशीं आपला संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध आहे. याच टॅल्गो कंपनीचे डबे २०१६ सालीं चाचणीसाठीं आपल्या देशांत आले होते. दिल्लीहून मुंबईपर्यंतचा पल्ला त्यांनीं १२ तासांच्या आंत गांठला. त्या वेळीं वेगाची वाहवा पुष्कळ झाली. पण चेपण्याच्या मापाची चौकशी वाहवा करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं केली? आणि आपल्या घरचा हिशेब तरी कोठें निराळा आहे ? पेरांबूरच्या कारखान्यांत १९५५ सालापासून बनत आलेले जुन्या धर्तीचे डबे टक्कर होतांच एकमेकांवर चढतात, हें ठाऊक होतें. तसें न होऊं देणारे जर्मन धर्तीचे डबे २००० सालीं आले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीनें २०१२ सालीं जुन्या डब्यांचें काम थांबविण्यास सांगितलें. तें थांबावयास २०१८ साल उजाडलें, आणि तोंवर बनलेले डबे त्यानंतरही वर्षानुवर्षें धावत राहिले. अर्ज न करतां मिळालेली ही सूटच नव्हे काय ?

प्रत्येक सूट वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. नियम कालच्या यंत्रांस पाहून केलेले असतात; उद्यांचें यंत्र त्यांत बसलें नाहीं, तरी अधिक सुरक्षित असूं शकतें. नव्या कल्पनेस दार बंद करणें हा सुधारणेचा मार्ग नव्हे. परंतु दार उघडणें वेगळें आणि कुंपण पाडणें वेगळें. म्हणून आमच्या चार सूचना आहेत. सूट मागणारा अर्ज लोकांस वाचावयास मिळावा. आपला डबा नियमाइतकाच सुरक्षित आहे, हें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असावा. तो धोक्याचा आहे हें सिद्ध करण्याचा भार उतारूवर नसावा. सुटीस मुदत असावी, आणि ती गुपचूप वाढूं नये. आणि निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावा.

हा निर्णय कोणीं द्यावा, हा खरा मर्माचा मुद्दा आहे. जो गाड्या विकत घेतो व चालवितो, त्यानेंच त्यांच्या सुरक्षेचा दाखला देऊं नये, हें तत्त्व आपल्या देशांत १९४१ सालींच मान्य होऊन रेल्वेचे सुरक्षा-तपासनीस रेल्वे मंडळाच्या ताब्यांतून काढण्यांत आले; आज रेल्वे सुरक्षा आयुक्त विमान वाहतूक खात्याखालीं काम करतात. परंतु नव्या जातीच्या डब्याविषयीं आयुक्तांनीं शिफारस करावी आणि मंजुरी रेल्वे मंडळानें द्यावी, अशी वहिवाट असल्यानें तें तत्त्व अर्ध्यावरच राहिलें आहे. काकोडकर समितीनें सुचविलेलें स्वतंत्र, कायद्यानें स्थापलेलें सुरक्षा प्राधिकरण अद्याप झालें नाहीं. तें होईपर्यंत तपासनीस बोलतील, पण शेवटचा शब्द गिऱ्हाइकाऐवजीं दुकानदाराचाच राहील.

बाळापूरच्या माणसास आगगाडी पकडावयाची तर पारस किंवा अकोला गांठावें लागतें. फलाटावर उभा राहून तो तिकीट पाहतो, वेळ पाहतो, जागा पाहतो. समोरचा डबा किती दाब सोसतो, हें त्यास दिसत नाहीं व दिसणारही नाहीं. सूट द्यावयाच्या सभेंत कारखानदारास खुर्ची असते, कंपनीस असते, खात्यास असते. त्या फलाटावरच्या माणसास मात्र नसते. त्याच्या वतीनें तेथें एकटा नियम उभा असतो. तो नियम उठवावयाचा असेल, तर आधीं त्या माणसाला खुर्ची द्या.