कर मद्यार्कावर की लेबलावर?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्कात जी वाढ मंजूर केली, तिच्यामागचा हेतू सरकारने लपवून ठेवला नव्हता. या वाढीतून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळेल, अशी अपेक्षा त्या वेळी जाहीर करण्यात आली. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य घोषित केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क या मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेण्यात आले. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. त्याबरोबरच १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील क्वार्टरची, किमान किंमतही वर्गवार ठरविण्यात आली. देशी दारूसाठी ८० रुपये, राज्यातच धान्यापासून बनविलेल्या मद्याच्या नव्या वर्गासाठी १४८ रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये.

या निर्णयावर चर्चा झाली ती ठरावीक वळणाने. उत्पादकांनी विक्री घटेल म्हणून तक्रार केली. बारमालकांनी १४ जुलै रोजी एक दिवस व्यवसाय बंद ठेवला. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी दारू महाग झाली तर बरेच झाले, असे म्हटले. हा कर अखेर कोणाच्या खिशातून जातो आणि त्यामुळे पिणाऱ्याच्या वागण्यात कोणता फरक पडतो, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न मात्र बाजूला राहिला. त्याचा विचार करू गेल्यास असे दिसते की, सरकार कर लावते तो बाटलीतील मद्यार्कावर नव्हे, तर बाटलीवरील लेबलावर. आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

राज्य सरकारांचे मद्याशी असलेले नाते मुळातच दुटप्पी आहे. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच घटनेच्या सातव्या अनुसूचीने मद्यावर उत्पादन शुल्क बसविण्याचा अधिकार राज्यांच्या हाती ठेवला आहे. महाराष्ट्रात हे शुल्क ज्या कायद्याखाली वसूल होते तो १९४९चा कायदा आजही दारूबंदीचा कायदा म्हणूनच ओळखला जातो, आणि कायद्याचे अक्षर पाहिले तर पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बहुतेक वस्तूंवरील कराचे दर ठरविण्याचा राज्यांचा स्वतंत्र अधिकार संपला. पिण्याचे मद्य आणि पेट्रोल-डिझेल त्या कराबाहेर राहिले. साहजिकच तिजोरीत खडखडाट झाला की राज्याच्या अर्थखात्याची नजर प्रथम पेट्रोलच्या पंपाकडे आणि दारूच्या दुकानाकडे वळते. यात कोणत्याही एका पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही. रचनाच तशी आहे.

ज्याच्यावर हा भार पडतो तो व्हिस्की पिणारा कोण, हे येथे पाहिले पाहिजे. व्हिस्की म्हटले की काचेच्या पेल्यातील स्कॉच आणि क्लबातील खुर्ची डोळ्यांपुढे येते. भारतात व्हिस्की या नावाने खपणाऱ्या मद्याचा फार मोठा भाग निराळा आहे. मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला शुद्ध मद्यार्क, त्यात थोडे माल्ट, रंग आणि स्वाद, असे हे पेय असते. मळीच्या मद्यार्कापासून बनलेल्या पेयाला युरोपात व्हिस्की हे नाव लावताही येत नाही. त्याचा गिऱ्हाईक म्हणजे रिक्षाचालक, गवंडी, शिपाई, कारकून, गिरणगावातून उपनगरात फेकला गेलेला कामगार. जून २०२५ची वाढ झाली ती याच वर्गाच्या बाटलीवर.

या करपद्धतीचे गणित साधे आहे. समजा, एका क्वार्टरचे घोषित निर्मितीमूल्य २५ रुपये आहे. तिपटीच्या दराने त्यावर ७५ रुपये शुल्क बसे आणि विक्रेत्याचे कमिशन व मूल्यवर्धित कर धरण्यापूर्वी बाटली १०० रुपयांना पडे. साडेचार पटीने शुल्क होते साडेएकशेबारा रुपये, आणि तीच बाटली पडते साडेएकशेसदतीस रुपयांना. आता समजा, उत्पादकाने अधिक चांगले माल्ट वापरण्यासाठी बाटलीमागे एक रुपया जास्त खर्च करायचे ठरविले. त्या एका रुपयावर साडेचार रुपये कर बसून किंमत साडेपाच रुपयांनी चढते. अशा स्थितीत उत्पादक दर्जा सुधारण्याऐवजी निर्मितीखर्च कसा दाबता येईल याचाच विचार करणार. २६० रुपयांची मर्यादा ओलांडणारा आणि तिच्या आत राहणारा यांच्या करात फरक पडत असल्यामुळे, या रेषेच्या कोणत्या बाजूस राहायचे याचाही हिशेब होतो. मूल्याच्या पटीत लावलेल्या कराने मालाचा दर्जा खालावतो, हा अर्थशास्त्रातील जुनाच सिद्धान्त आहे. येथे त्याचा प्रयोग माणसाच्या यकृतावर होतो, एवढाच फरक.

देशी दारूवरील शुल्क मात्र प्रूफ लिटरवर, म्हणजे तिच्यातील मद्यार्काच्या प्रमाणावर बसते. म्हणजे मद्यार्क मोजून कर लावणे राज्य उत्पादन शुल्क विभागाला अवघड आहे, असे म्हणण्यास जागा नाही. एका वर्गाला एक माप आणि दुसऱ्या वर्गाला दुसरे, असा हा व्यवहार आहे. किमान किमतीतही तेच. भारतीय व्हिस्कीत, ती साधी असो की उंची, मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. शरीरावर परिणाम करणारा पदार्थ दोन्ही बाटल्यांत सारखाच. पण किमान किंमत एकीची २०५ आणि दुसरीची ३६० रुपये. आरोग्याचे कोणतेही शास्त्र या फरकाचे समर्थन करू शकणार नाही.

श्रीमंत गिऱ्हाइकाच्या बाबतीत याच सरकारी यंत्रणेने निराळे तर्कशास्त्र वापरले होते, हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात केलेल्या स्कॉचवरील विशेष शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणण्यात आले. दर चढे असल्यामुळे परराज्यांतून माल चोरून येतो, बनावट माल खपतो. दर उतरले तर विक्री वाढेल आणि वर्षाला १०० कोटींच्या आसपास असलेले उत्पन्न २५० कोटींवर जाईल, अशी मांडणी तेव्हा झाली. ही मांडणी चुकीची नव्हती. चढ्या करामुळे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, हे तत्त्व त्यात मान्य केलेले होते. चार वर्षांनंतर स्वस्त व्हिस्कीचा प्रश्न आला तेव्हा मात्र तेच तत्त्व फायलीतून नाहीसे झाले. आता २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ टक्के व दहा वर्षांत ४० टक्के करण्याचे ठरले आहे. म्हणजे वरच्या पायरीवरील पेय स्वस्त होण्याच्या वाटेवर आणि खालच्या पायरीवरील पेय महाग, असे चित्र उभे राहते. केंद्र आणि राज्य यांचे निर्णय वेगवेगळे असले, तरी गिऱ्हाइकाला बाजार एकच असतो.

महाग झाले की माणूस पिणे सोडेल, हा समज पूर्णपणे खोटा नाही. तरुण, अधूनमधून पिणारे आणि नव्याने सवय लागू पाहणारे यांच्यावर किमतीचा परिणाम होतो, आणि तो इष्टच आहे. परंतु ज्याला रोजची सवय जडली आहे, त्याची मागणी किमतीनुसार फारशी हलत नाही. तो एक पायरी खाली उतरतो. व्हिस्कीवरून देशीवर, देशीवरून हातभट्टीवर. या उतरंडीची शेवटची पायरी कोठे जाते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९१च्या अखेरीस विक्रोळीत विषारी दारूने नव्वदहून अधिक माणसे दगावली. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. त्या मृत्यूंना केवळ कर कारणीभूत होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण स्वस्तातल्या स्वस्त विषाची मागणी कोठून निर्माण होते, हा प्रश्न टाळता येणार नाही. जो पायरी उतरत नाही तो सीमा ओलांडतो. गोव्यात मद्यावरील कर कमी असल्यामुळे तेथील बाटल्या सिंधुदुर्गातून आणि कोल्हापुरातून पकडल्या जाण्याच्या बातम्या नित्याच्या झाल्या आहेत.

आंध्र प्रदेशाचा अनुभवही बोलका आहे. मे २०२०च्या टाळेबंदीनंतर दुकाने उघडताना तेथील सरकारने मद्याचे दर दोन टप्प्यांत एकूण ७५ टक्क्यांनी वाढविले. दारूबंदीकडे जाण्याचे ते पाऊल असल्याचे सांगण्यात आले. तस्करी रोखण्यासाठी स्वतंत्र दल उभे करावे लागले आणि काही महिन्यांतच दर अंशतः उतरविण्याची वेळ आली. पुढे सत्तांतर झाले आणि ऑक्टोबर २०२४च्या नव्या धोरणात ९९ रुपयांची क्वार्टर हेच मोठे आकर्षण ठरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या या लंबकाने व्यसनाचा प्रश्न जेथे होता तेथेच ठेवला.

या सर्व चर्चेत सर्वांत कमी ऐकू येणारा आवाज घरातल्या बाईचा आहे. ज्या घरातील पुरुष रोज एक क्वार्टर पितो आणि त्या क्वार्टरची किंमत साठ रुपयांनी वाढते, त्या घरातून पंचवीस दिवसांत १,५०० रुपये जादा जातात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र महिलेला महिन्याला ठरविलेली रक्कमही १,५०० रुपयेच आहे. तिजोरी एका हाताने जे देते ते दुसऱ्या हाताने परत घेते, आणि मधल्या व्यवहारात दूध, वही आणि औषध यांवरचा खर्च कापला जातो. कर पिणाऱ्यावर बसतो असे कागदावर दिसते. तो भरते ते कुटुंब.

मग दारू स्वस्त करावी काय? मुळीच नाही. किंमत हे साधन प्रभावी आहे, मात्र ते कसे वापरायचे ते स्कॉटलंडकडून शिकण्यासारखे आहे. व्हिस्कीच्या या माहेरघराने मे २०१८ पासून मद्याची किमान किंमत ठरविली, ती मद्यार्काच्या मापावर. दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला ५० पेन्स, आणि सप्टेंबर २०२४च्या अखेरीपासून ६५ पेन्स. लेबल कोणते, पेय कोणते, याचा संबंध नाही. तेथील व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने या कायद्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. मद्यामुळेच होणारे मृत्यू या धोरणाने सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, असा अंदाज तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये दिला. त्याच पाहणीत एक कटू गोष्टही पुढे आली. पूर्ण व्यसनाधीन झालेल्या गरिबांवर किमतीचा परिणाम फारसा झाला नाही. त्यांच्यापैकी काहींनी अन्नावरचा खर्च कमी केला. व्यसनाधीनाला किंमत वाचवू शकत नाही. त्याला उपचार लागतात.

महाराष्ट्राने यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. सर्व वर्गांच्या मद्यावर, देशी आणि विदेशी असा भेद न करता, मद्यार्काच्या प्रमाणावर शुल्क बसवावे. आज या वर्गांतील अंतर मोठे असल्यामुळे ते एका झटक्यात मिटविणे धोक्याचे ठरेल. म्हणून दर काही वर्षांच्या वेळापत्रकाने आणि महागाईच्या प्रमाणात हळूहळू एकमेकांजवळ आणावेत. अचानक दीडपट होणारा कर लोकांना हातभट्टीकडे ढकलतो. दरवर्षी थोडाथोडा वाढणारा कर सवय कमी करण्यास वाव देतो. गोव्यासारख्या शेजारी राज्याशी दराबाबत समझोता झाला, तर तस्करीवरील निम्मे काम पोलिसांवाचूनच होईल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा कायद्यानेच व्यसनमुक्तीसाठी बांधून द्यावा आणि प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनावरील उपचारांची सोय व्हावी.

वाढीव कराला आरोग्याचे कारण द्यायचे असेल, तर या १४ हजार कोटींपैकी किती रुपये आरोग्यावर खर्च होणार, हे अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दाखविले गेले पाहिजे. ती ओळ नसेल, तर दारूबंदी कायद्याच्या नावाखाली जे चालले आहे ती केवळ महसुलाची वसुली आहे, आणि तीही ज्याची देण्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्याकडून सर्वांत अधिक, हे सरकारने उघडपणे मान्य करावे. कारण ज्यांच्या घरातून हा पैसा जातो, त्यांना तो कोठे गेला हे विचारण्याचा अधिकार आहे.